अप्पांचा पायी जायचा नेम

आमच्या घरी चुलीवर तवा कधी चढवायचा, हे अप्पांच्या घंटेवरून ठरायचं. अप्पा म्हणजे माझे वडील. आम्ही साखरा गावचे जंगम, म्हणजे लिंगायतांचे गुरू. आसपासच्या गावांतली लिंगायत घरं ही आमच्या यजमानांची घरं. कोणाकडे लेकरू झालं की त्याच्या गळ्यात लिंग बांधायला, कोणाच्या लग्नाला, कोणाच्या मातीला आणि श्रावणभर पाद्यपूजेला अप्पांना बोलावणं असायचं. सकाळी लिंगपूजा करून, कपाळाला विभूती लावून, खांद्याला झोळी अडकवून अप्पा निघायचे ते दिवस कलताना परत यायचे. झोळीला एक लहानशी पितळी घंटा बांधलेली होती. ते ओढ्याच्या उताराला लागले की ती अंगणात ऐकू यायची. आई लगेच चुलीत दोन काड्या सारायची, परातीत पीठ घ्यायची, आणि अप्पा हातपाय धुऊन बसेपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. दुपारी यजमानाकडे पुरणपोळी जेवलेला माणूस संध्याकाळी ज्वारीच्या दोन भाकरी, अंबाडीची भाजी आणि वर मिरचीचा ठेचा इतक्या चवीनं खायचा की आई हसून म्हणायची, यजमानानं उपाशीच धाडलेलं दिसतंय.

थोरल्या बहिणीचं लग्न लवकर झालं, म्हणून घरात आम्ही तिघंच. गावात चौथीपर्यंत शाळा होती. चौथी संपली तशी शाळा संपली, आणि मी अप्पांची पूजेची पिशवी धरून त्यांच्याबरोबर जायला लागले. चारचौघांत बोलणं मला कधी जमलं नाही, अजूनही जमत नाही. म्हणूनच हे दुपारी, घरात कोणी नसताना लिहीत बसते. तेव्हा तर यजमानांच्या घरी गेलं की मी दाराआड भिंतीला पाठ लावून बसायचे. कोणी नाव विचारलं तरी अप्पाच सांगायचे. एक-दोन घरी अशी समजूत होती की महाराजांची पोरगी मुकी आहे. वाटेवर मात्र मी अप्पांशी अखंड बोलायचे. काळ्या रानातली पायवाट, दोन्ही बाजूंनी तूर, मध्येच माळ, माळावर दगड आणि बोराटी. अप्पांची चाल सावकाश होती, पण ती मोडायची नाही. वावरातून कोणी हात जोडून "शरणार्थ, महाराज" म्हटलं की ते उभे राहायचे, बैलाची विचारायचे, लेकराची विचारायचे, आणि पुन्हा त्याच चालीनं निघायचे. मला धाप लागायची, त्यांना नाही.

आणि यजमानांकडचं जेवण. येसराची आमटी, गव्हाची खीर, कुरडया, भजी, आणि तुपात बुडालेली पुरणपोळी. जंगमानं ताटाला नाही म्हणू नये, अशी आमच्याकडे रीत. घरातली बाई तुपाची वाटी घेऊन ताटाशी उभीच. अप्पा ताटावर हात आडवा धरायचे, तर तूप त्यांच्या बोटांवरून ताटात उतरायचं आणि बाई म्हणायची, महाराज, तुमच्या हाताचा आशीर्वाद लागला बघा पोळीला. श्रावणात एका दिवशी तीन घरी पूजा असली तर तिन्ही घरी जेवायचं. एका घराचा मान राखला आणि दुसऱ्याचा नाही, असं चालत नाही. पण पहिलं घर एका गावात, दुसरं दुसऱ्या गावात, आणि मध्ये माळ. माळ ओलांडून दुसऱ्या गावाच्या वेशीत शिरेपर्यंत अप्पांना पुन्हा भूक लागलेली असायची. कोणी त्याचा कधी विचार केला नव्हता. खाणं आणि चालणं ही एकाच कामाची दोन टोकं होती.

पहिली फटफटी आणली बसलिंगअप्पांनी. ते दोन कोसांवरच्या गावचे हळद-भुसाराचे व्यापारी, आमचे मोठे यजमान, मोठ्या अंगाचे आणि त्याहून मोठ्या आवाजाचे. गाडी घेतल्यावर तिची पूजा अप्पांच्या हातून झाली, आणि त्या दिवशी त्यांनी अप्पांना मागे बसवून घरी आणून सोडलं. ओढ्याच्या उतारावरून घंटेऐवजी फटफट ऐकू आली. आई बाहेर आली, मी बाहेर आले, शेजारपाजार बाहेर आला. अप्पा उतरले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे हसू होतं, ते मी अजून विसरले नाही. जत्रेतून आलेल्या लेकरासारखं. रात्री जेवताना त्यांनी आम्हाला सगळी वाट सांगितली, कुठे गाडी कशी वळली, कुठे एक म्हैस कशी आडवी आली. त्यांनी भाकरी मात्र अर्धीच खाल्ली.

मग सगळीच घरं इरेला पडली. बसलिंगअप्पांच्या घरी महाराज गाडीवर येतात आणि आपल्याकडे पायी, हे कोणाला बघवेना. ज्यांच्याकडे गाडी होती ते स्वतः यायचे, नव्हती ते दुसऱ्याची मागून आणायचे, एकानं तर हिंगोलीहून पाहुण्याची गाडी दिवसभरासाठी आणवली. अप्पा एखाद्या दिवशी कोणाची वाट न बघता निघाले, तर रस्त्यात ओळखीचा माणूस गाडी थांबवून विचारायचा, "काहून महाराज पायी? आमी मेलो का?" अप्पा मुकाट मागे बसायचे. हळूहळू गावातल्या गावात, देवळापर्यंतही कोणी ना कोणी सोडायला लागलं. तीन घरच्या तीन जेवणांच्या मध्ये आता माळ उरला नव्हता.

लोक खुश होते. महाराजांच्या अंगावर तेज चढलं, म्हणायचे. आमच्याकडे भरलेल्या अंगाला तेजच म्हणतात, वाळलेल्या माणसाला काय झालं म्हणून विचारतात. फक्त गल्लीच्या तोंडाशी मशीन घेऊन बसणारे रहीमभाई शिंपी तसं म्हणाले नाहीत. अप्पांचा सदरा काखेत उसवला म्हणून मी घेऊन गेले, तर त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बेटी, शिवन न्हाई उसवली, कपडा कम पडून राहिला." त्यांनी दोन्ही कुशींना नव्या कापडाची एकेक कळी घातली. वर्ष पुरं व्हायच्या आत तोही सदरा ताणला. अप्पा ओट्याच्या दोन पायऱ्या चढले तरी खांबाला धरून उभे राहायचे. झोपेत त्यांचा श्वास मध्येच थांबल्यासारखा व्हायचा आणि मग मोठ्यानं सुरू व्हायचा. आई आणि मी दोघी जाग्या असायचो.

आता मी डोंगरकड्याला राहते, इथेच दिली मला. माझा मुलगा फार मायेचा आहे. मी पायी देवळात गेलेली त्याला खपत नाही. घरात दोन गाड्या असून आई पायी जाते, लोक काय म्हणतील, असं त्याचं म्हणणं. देऊळ आमच्या घरापासून इतकं जवळ आहे की गाडी सुरू करून वळवेपर्यंत मी पोचते. आमच्या गल्लीत आता बहुतेक घरांत साखरेची नाहीतर दाबाची गोळी आहे, पोरासोरांची पोटं सुटली आहेत, आणि जो तो दुसऱ्याला मायेनं गाडीवर बसवतो आहे. मुलाशी मी वाद घालत नाही. तो दुकानात गेला की मागच्या दारानं निघते आणि हवं तेवढं चालून येते.

अप्पांचं सांगत होते. सदरा ताणला त्या वर्षीच्या श्रावणात आम्ही काशीबाईंकडे पाद्यपूजेला गेलो. काशीबाई म्हणजे शेजारच्या गावातल्या एक म्हाताऱ्या यजमानीण. नवरा नव्हता, मुलगा-सून होते, पण अप्पांचे पाय त्या स्वतःच धुवायच्या, सुनेला हात लावू द्यायच्या नाहीत. अप्पा चौरंगावर बसले, पाय पितळी परातीत ठेवले. काशीबाई पाणी घालून हळूहळू पाय चोळत होत्या. चोळता चोळता त्यांचा अंगठा घोट्याच्या वर दाबला गेला आणि त्यांनी उचलल्यावर तिथे खड्डा तसाच राहिला. मी अगदी जवळ तांब्या धरून बसले होते. काशीबाईंनी तो खड्डा पाहिला, मी पाहिला. त्यांनी वर न बघता दुसऱ्या जागी हलकेच दाबलं, तिथेही तसंच. मग त्यांनी विभूती लावली, फूल-बेल वाहिला आणि कपाळ पायांवर टेकवलं. नेहमीपेक्षा जास्त वेळ टेकवलं, असं मला वाटलं.

जेवण झाल्यावर अप्पांना पाटावरून उठता येईना. एक हात जमिनीवर टेकला, दुसरा टेकला, पुन्हा बसले. काशीबाईंचा मुलगा आणि एक शेजारी पुढे झाले आणि दोन्ही बगलांत हात घालून त्यांनी अप्पांना उभं केलं. कोणीतरी हसत म्हणालं, महाराजाला आमच्या घरची पोळी सोडून राहिली न्हाई. सगळे हसले, अप्पाही हसले, पण त्यांचे कान लाल झालेले मला दिसले. काशीबाईंनी मला खुणेनं स्वयंपाकघरात बोलावलं. सुनेला बाहेर धाडलं आणि माझा हात धरून म्हणाल्या, "माय, महाराजाच्या पायात पानी उतरलंय. माझ्या मालकाच्या बी असंच उतरलं व्हतं. दवाखान्यात न्या त्यांला. कोनाला इचारत बसू नका." मी मान हलवली. त्यांचा नवरा त्याच दुखण्यात गेला होता, हे मला माहीत होतं. परतताना गाडी काशीबाईंचा मुलगा चालवत होता, त्याच्या मागे अप्पा आणि अप्पांच्या मागे मी बसले होते. त्यांच्या रुंद पाठीला धरून मी सगळी वाट रडले, आणि वाऱ्यामुळे ते कोणाला कळलं नाही.

आई त्यांना यस्टीनं हिंगोलीला घेऊन गेली, मीही गेले. डॉक्टरांनी तपासलं, गोळ्या दिल्या, आणि अप्पांना समोर बसवून नीट समजावलं. छातीवर ताण आहे, रक्ताचा दाब वाढलाय, साखर काठावर आहे. वजन असंच वाढलं तर गोळ्यांनी भागणार नाही. खाणं निम्मं करा आणि रोज चाला, आधी थोडं, मग जास्त. अप्पांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, माझं खानं यजमानाच्या हातात, आन चालनं बी आता यजमानाच्याच हातात. माझ्या हातात काय ऱ्हायलं?" डॉक्टर हसले. आई हसली नाही.

तरी अप्पांनी प्रयत्न केला. दोन-चार यजमानांना सांगून पाहिलं की बाबांनो, डॉक्टरनं चालायला सांगितलंय. पण आमच्या भागात आजारी माणसानं चालायचं असतं, हे कोणाला पटावं? दुखणं म्हटलं की माणसाला बाजेवर निजवायचं, पायाखाली उशी द्यायची, दूध-तूप घालायचं, पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू द्यायचा नाही. महाराजांना तकलीफ आहे, ही बातमी गावोगाव गेली आणि फटफटीचे धक्के बसू नयेत म्हणून लोकांनी जीप पाठवायला सुरुवात केली. एका घरानं तर ताटात तूप दुप्पट वाढलं, आजारी माणसाला ताकद यावी म्हणून. अप्पा कोणाचं मन मोडू शकत नव्हते. गोळ्या चालू होत्या, पण संध्याकाळी मी त्यांच्या घोट्यावर बोट दाबून बघायचे आणि खड्डा राहायचा.

मी रात्रंदिवस तोच विचार करायचे. एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. यजमान दुखण्याला जुमानत नव्हते, डॉक्टरला जुमानत नव्हते, पण नेमाला जुमानायचे. कोणी म्हटलं मी चातुर्मासात कांदा खात नाही, की त्या ताटात चुकूनही कांदा यायचा नाही. कोणी म्हटलं मी सोमवारी वहाण घालत नाही, की कितीही ऊन असलं तरी कोणी वहाण पुढे करायचं नाही. नेम का धरला, हेही कोणी विचारायचं नाही. हे मी आईला सांगावं, आईनं अप्पांना सांगावं, असं मनात यायचं. पण अप्पांना नेम धरा म्हणून शिकवणारी मी कोण, या विचारानं तोंड उघडायचं नाही.

दिवाळी होऊन गेली होती. सकाळची वेळ, आई विहिरीवर गेलेली, अप्पा आत कपाळाला विभूती लावत होते. बसलिंगअप्पांच्या नातवाचं लिंगधारण होतं. त्यांची फटफटी दारात येऊन थांबली आणि त्यांनी खालूनच हाक दिली, "महाराज, चला. गाडी उभी हाय." मी नेहमीसारखी दाराआड झाले. अप्पा बसल्या जागेवरून उठायला लागले. भिंतीला धरलं, गुडघ्यावर हात दिला, थांबले, पुन्हा जोर केला. ते मला आतून दिसत होतं आणि बाहेरून गाडीचा आवाज येत होता. मी दाराबाहेर कशी आले मला सांगता येणार नाही. एवढंच आठवतं की मी चौकट धरलेली होती.

"अप्पानं नेम धरलाय," मी म्हणाले. "गाडीवर बसायचं न्हाई."

बसलिंगअप्पा माझ्याकडे बघतच राहिले. मी बोलू शकते, हेच त्यांना नवीन होतं. त्यांनी गाडी बंद केली. "कवापासून?"

"आजपासून."

"काहून पन? आमच्याकून काही चुकलं का?"

"नेमाचं कारन सांगत न्हाईत," मी म्हणाले.

मागे अप्पा उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. ते हसून म्हणू शकले असते की पोरगी भाबडी आहे, आणि गाडीवर बसून गेले असते. मी त्यांच्याकडे बघू शकले नाही, जमिनीकडे बघत राहिले. अप्पा आयुष्यात कधी खोटं बोलले नव्हते, आणि यजमानाला तर नाहीच. अप्पा आत वळले. गळ्यातलं लिंग काढून त्यांनी डाव्या तळहातावर घेतलं, भिंतीजवळ उभ्यानंच डोळे मिटले, ओठ हलले. लिंग कपाळाला लावून परत गळ्यात घातलं आणि बाहेर आले. "पोरगी बोलली ते बराबर हाय," ते बसलिंगअप्पांना म्हणाले. "चला, पायी येतो." झोळी खांद्याला अडकवली आणि पायरी उतरले. आता बसलिंगअप्पांची पंचाईत झाली. महाराज पायी आणि आपण गाडीवर, हे त्यांना जीव गेला तरी चाललं नसतं. त्यांनी गाडीचा स्टँड काढला आणि ते भलं थोरलं धूड दोन्ही हातांनी ढकलत अप्पांच्या मागे निघाले. दोघं गल्लीच्या वळणावर दिसेनासे होईपर्यंत मी चौकट सोडली नाही.

आई डोक्यावर घागर घेऊन आली. अप्पा कुठे, तिनं विचारलं. मी सांगितलं. तिनं घागर उतरवली आणि तशीच ओट्यावर बसली. "दोन कोस," एवढंच म्हणाली. मग थोड्या वेळानं, "गोळी घेतली व्हती का त्यायनं?" तेव्हा मला कळलं की मी काय करून बसले. ज्या माणसाला पाटावरून उठवत नव्हतं, त्याला मी दोन कोसांच्या माळावर पाठवलं होतं, आणि नेम म्हणून पाठवलं होतं. आता वाटेत दम लागला तरी ते गाडीवर बसणार नव्हते. दुसऱ्या कोणाच्या नेमानं गेले असते तर बसलेही असते, पण माझा शब्द खोटा पडू नये म्हणून ते चालत राहणार, हे मला पक्कं माहीत होतं. डॉक्टरांनी आधी थोडं चाला म्हटलं होतं. ते थोडं मी विसरले होते. दिवसभर आम्ही दोघींनी चूल पेटवली नाही. दुपारी ओढ्याकडून कोणी पळत येताना दिसलं की मी ओट्याच्या कडेला जाऊन उभी राहायचे. एकदा खरंच कोणी पळत आलं, पण ते सुटलेल्या रेड्यामागे होतं.

उन्हं उतरल्यावर माणसांचा आवाज आला. मी ओट्यावर चढून पाहिलं. अप्पा पुढे होते, अगदी हळू, पण चालत होते. त्यांच्या मागे बसलिंगअप्पा, त्यांचे दोघे भाऊ, आणि त्या गावची आणखी सात-आठ माणसं. महाराज पायी निघाले म्हटल्यावर त्यांना वेशीपर्यंत पोचवायला गाव आलं होतं, आणि वेशीवरून मागे फिरायला कोणी आधी तयार होईना, म्हणून सगळे घरापर्यंत आले होते. बसलिंगअप्पांचा सदरा पाठीला चिकटला होता. ते ओट्यावर धपकन बसले आणि म्हणाले, "महाराज, नेम तुमचा आन घाम आमचा." मग आईला सांगायला लागले, सकाळी महाराज तीनदा झाडाखाली बसले, मी गाडी टेकवून दरवेळी म्हटलं की आता बसा, नेम उद्यापासून धरा. तर म्हणे, तुमाला दम लागला असंल तर तुमी बसा.

आईनं चहा ठेवला. रहीमभाईही मशीन बंद करून आले. आणि आमच्या ओट्यावर अप्पांच्या नेमाची चौकशी बसली, कारण प्रत्येकाला पुढे महाराजांना बोलवायचं होतं आणि कोणालाही नेम मोडायचा नव्हता. एकानं विचारलं, बैलगाडी चालते का. बसलिंगअप्पा म्हणाले, बैलाचे पाय म्हणजे परक्याचे पाय, नाही चालत. मग यस्टी? यस्टीला तर पायच नाहीत, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळे हसले. रहीमभाई कपात बघत म्हणाले, "आन सायकल? तिला तं आपलेच पाय मारावे लागते." लांबच्या गावांचे यजमान होते त्यांनी आशेनं अप्पांकडे पाहिलं. अप्पांनी दाराकडे बोट केलं. "मला काहून इचारता? नेम जिनं सांगितला तिला इचारा." दहा-बारा माणसांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी दाराआडून म्हणाले, "सायकल चालती."

पुढचं इथेच सांगून टाकते. रहीमभाईंच्या जुन्या सायकलीवर अप्पा शिकले, गावामागच्या मैदानात, धोतर गुडघ्यापर्यंत खोचून. मी मागून कॅरियर धरून पळायचे आणि गावातली अर्धी पोरं आमच्या मागे. ते कितीदा पडले ते सोडा. पडल्यावर आधी झोळी बघायचे आणि मग गुडघा. शिकले मात्र. जवळची गावं पायी आणि लांबची सायकलीवर, असं ठरून गेलं. यजमानांनाही आता महाराजांना न्यायला पायीच यावं लागायचं आणि पोचवायलाही. बसलिंगअप्पांच्या कारभारणीनं एकदा आईला सांगितलं की हे आता माडीचा जिना मध्ये न थांबता चढतात. अप्पा बारीक काही झाले नाहीत, गोळ्याही सुटल्या नाहीत. पण घोट्यावर दाबलं तर खड्डा राहायचा, तो दोन उन्हाळ्यांत दिसेनासा झाला. रहीमभाईंनी सदऱ्याची एक कळी काढून टाकली आणि दुसरी राहू दिली. म्हणाले, ही पुरनपोळीची हाय, राहू द्या. लोक याला नेमाची पुण्याई म्हणायचे. पण आज इथे डोंगरकड्यात कोणी बाई सांगते की डॉक्टरनं चालायला सांगितलंय आणि पोरगा पायी जाऊ देत नाही, तेव्हा मला ते सगळे ओट्यावर बसलेले दिसतात. आजारी माणसाला माया करायची आमची एकच रीत, त्याला हलू द्यायचं नाही. दुसरी रीत आम्हाला नेमाच्या निमित्तानं सापडली.

त्या संध्याकाळी सगळे निघून गेले. बसलिंगअप्पांची बहीण आमच्याच गावात दिलेली होती, ते मुक्कामाला तिच्याकडे गेले. अप्पा भिंतीला टेकून पाय पसरून बसले होते. मी लांबच उभी होते. दिवसभर ज्याची भीती वाटली ते घडलं नव्हतं, पण आता ते रागावतील, असं वाटत होतं. त्यांनी मला जवळ बोलावलं. "किती दिसाचा नेम सांगितलास?" त्यांनी विचारलं.

"ते मी काही बोलले न्हाई," मी म्हणाले.

अप्पांनी मान मागे टेकवली आणि वर आढ्याकडे बघत राहिले. "मुदत न्हाई सांगितली, म्हंजी जल्माचा झाला," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. आई कोमट तेलाची वाटी घेऊन आली आणि त्यांच्या पोटऱ्या चोळायला बसली. दुसरा पाय मी मांडीवर घेतला. मला अजून रडू येत होतं, त्यामुळे हात जरा जोरातच चालत होता. अप्पांनी पाय आखडून घेतला आणि म्हणाले, "हळू, माय. उद्या बी लागनार हाईत हे."